शंकरपटातील नियमभंगाची हरकत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रब्बीची कामे उरकत आली की जालना, हिंगोली, परभणी या भागांत शंकरपटांची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींची, तयारी सुरू होते आणि त्याबरोबर पंचांच्या टेबलाभोवतीची बाचाबाचीही सुरू होते. बैलजोडीचे मालक, धुरकरी (जोडी हाकणारे), पंच आणि आयोजन समितीचे सदस्य यांच्याकडून हरकतींबाबत जे प्रश्न सातत्याने येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. खेळाचे नियम बहुतेक ठिकाणी त्या-त्या गावची समितीच ठरवते. त्यामुळे प्रवेशपत्रिकेवर छापलेला नियम आणि येथील सूचना यांत तफावत आढळल्यास पत्रिकेवरील नियम ग्राह्य धरावा. मात्र कायद्याने घातलेल्या अटींना कोणतीही पत्रिका बगल देऊ शकत नाही.

हरकत कोणाला घेता येते?

ज्या गटातील निकालाबद्दल आक्षेप आहे, त्या गटात धावलेल्या जोडीच्या मालकाला किंवा धुरकऱ्याला हरकत घेता येते. पंचांनी स्वतः काही पाहिले असेल, तर कोणाच्याही हरकतीची वाट न पाहता त्यांनी चौकशी सुरू करावी. किंबहुना ते त्यांचे कामच आहे. प्रेक्षकांना, पाहुण्यांना किंवा दुसऱ्या गटातील मालकांना निकालाविरुद्ध हरकत घेता येत नाही. त्यांनी पाहिलेली गोष्ट पंचांच्या कानावर घालावी आणि पुढचे पंचांवर सोडावे. जनावराला क्रूरतेने वागवल्याची तक्रार मात्र याला अपवाद आहे, ती कोणीही करू शकतो.

खेळाच्या नियमाचा भंग आणि कायद्याचा भंग यांत फरक कसा करावा?

हा फरक सुरुवातीलाच स्पष्ट झाला नाही, तर पुढची सारी चौकशी भरकटते. सुटणीच्या (शर्यत सुरू होण्याच्या इशाऱ्याच्या) आधी जोडी सोडणे, पट्टी (जोडीला आखून दिलेली धाव) ओलांडून शेजारच्या जोडीच्या वाटेत जाणे, कमी वयाच्या गटात जास्त दाती, म्हणजे दातांवरून वयाने मोठा ठरणारा, बैल उतरवणे हे खेळाच्या नियमांचे भंग आहेत आणि त्यांचा निवाडा पंच करतात. बैलाला पराणी (टोकदार काठी) टोचणे, शेपटी पिरगाळणे वा चावणे, विजेचा झटका देणे, उत्तेजक पाजणे किंवा टोचणे या गोष्टी शर्यतीपुरत्या मर्यादित राहत नाहीत. तेथे पंच जोडी बाद करू शकतात, पण प्रकरण मिटवू शकत नाहीत.

यामागचा इतिहास थोडक्यात ध्यानात ठेवावा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी दिलेल्या निकालाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतीही बंद झाल्या. राज्याने २०१७ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना अटींसह वाट करून दिली, परंतु प्रकरण न्यायालयात अडकल्याने प्रत्यक्षात शर्यती सुरू होण्यास १६ डिसेंबर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश यावा लागला. पुढे १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. म्हणजे आजचा पट भरतो तो जिल्हा प्रशासनाच्या परवानगीने आणि बैलाला इजा होणार नाही या अटीवर. अट मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद दुरुस्तीतच आहे. एका धुरकऱ्याच्या हातातील खिळ्यामुळे पुढच्या वर्षीचा पट धोक्यात येतो, हे समितीने विसरू नये.

हरकत केव्हा आणि कशी नोंदवावी?

लेखी, आणि निकाल तात्पुरता असतानाच. ध्वनिक्षेपकावर वेळ पुकारली म्हणजे निकाल लागला असे समजण्याची सवय सर्वत्र आहे. ती मोडायची असेल, तर निवेदकाने प्रत्येक वेळी ‘तात्पुरता निकाल’ असे शब्द उच्चारावेत आणि हरकतीची मुदत संपल्यावरच तो अंतिम म्हणून जाहीर करावा. मुदत किती असावी हे पत्रिकेवर छापावे. सुटणीबाबतची किंवा पट्टीबाबतची हरकत फेरीनंतर पंधरा-वीस मिनिटांत यावी, कारण नंतर चाकोऱ्या पुसल्या जातात आणि साक्षीदार पांगतात. दातांबाबतची किंवा बैल बदलल्याची हरकत गटाचे बक्षीस वाटप होईपर्यंत स्वीकारण्यास अडचण नसावी, कारण तो पुरावा बैलासोबतच असतो.

अर्जात भावना नको, घटना हवी. उदाहरणार्थ : ‘क गटातील चौदाव्या फेरीत डाव्या पट्टीवरील जोडीने निकालाच्या रेघेच्या सुमारे वीस मीटर अलीकडे मधली चुन्याची रेघ ओलांडली. त्यामुळे उजव्या पट्टीवरील आमच्या जोडीचा धुरकरी कासरा ओढण्यास भाग पडला. मधला झेंडी पंच त्या ठिकाणी उभा होता. आमच्या जोडीला फेरी पुन्हा मिळावी, अशी मागणी आहे.’ कोणती फेरी, कोठे, काय घडले, कोणी पाहिले आणि काय हवे, एवढे पाच मुद्दे आले की अर्ज पुरा होतो. ‘आमच्यावर अन्याय झाला असून पंच पक्षपाती आहेत’ असा अर्ज आल्यास पंचांनी रागावू नये. तो परत देऊन घटना लिहून आणण्यास सांगावे.

हरकतीसाठी पैसे घ्यावेत का?

अल्प अनामत घेण्यास हरकत नाही. हरकत मान्य झाल्यास किंवा फेटाळली गेली तरी ती प्रामाणिक होती असे पंचांना वाटल्यास रक्कम परत द्यावी. काही ठिकाणी ही रक्कम इतकी मोठी ठेवतात की लहान शेतकरी तोंडच उघडत नाही. अशा व्यवस्थेला हरकतीची सोय म्हणणे अवघड आहे. क्रूरतेच्या तक्रारीसाठी एक रुपयाही घेऊ नये.

निवाडा करणारे पंच कोण असावेत? गावात तर सगळेच एकमेकांचे सोयरे असतात.

तीन पंच पुरेसे आहेत आणि त्यांची नावे पट सुरू होण्यापूर्वी फलकावर लावलेली असावीत. नाते असणे हा दोष नाही. मराठवाड्यातल्या कोणत्याही दोन गावांमध्ये सोयरीक शोधली तर सापडते. दोष आहे तो नाते लपवण्यात. पंचाची स्वतःची, भावाची, जावयाची किंवा भागीदाराची जोडी त्या गटात असेल, तर त्याने त्या हरकतीपुरते बाजूला व्हावे आणि राखीव पंचाने त्याची जागा घ्यावी. वेळ घेणारा आणि निवाडा करणारा माणूस शक्यतो एकच नसावा, कारण घड्याळाविरुद्ध हरकत आली तर तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश होतो. देणगीदार, पुढारी आणि प्रमुख पाहुणे यांना पंचांच्या टेबलाजवळ खुर्ची देऊ नये. हे लिहिणे सोपे आणि करणे अवघड आहे याची कल्पना आहे, तरीही मंच आणि पंचांचे टेबल यांत अंतर ठेवले की निम्मा दबाव आपोआप कमी होतो.

सेकंदाच्या शंभराव्या भागावरून वाद झाल्यास कोणाचे घड्याळ खरे मानावे?

समितीने आधी जाहीर केलेले. या प्रश्नावर जितके आवाज चढतात तितके दुसऱ्या कशावरही चढत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर पाहू.

हातातील घड्याळाने घेतलेली वेळ माणसाच्या प्रतिक्रियेवर अवलंबून असते. झेंडी पडलेली दिसणे आणि अंगठा दाबला जाणे यांत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. मैदानी खेळांत हाताने घेतलेली १०० मीटरची वेळ यंत्राच्या वेळेशी ताडून पाहताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याची पद्धत रूढ आहे, ती याच कारणाने. तेव्हा हातघड्याळावर दोन जोड्यांमध्ये सेकंदाच्या दोन-तीन शतांशांचा फरक दाखवून एकीला पहिला क्रमांक देणे हे गणिताने टिकत नाही. हातघड्याळच वापरायचे असेल, तर तीन माणसांनी स्वतंत्रपणे वेळ घ्यावी, मधली वेळ ग्राह्य धरावी आणि ती दशांशापर्यंतच लिहावी. दशांशापर्यंत वेळ सारखी आल्यास दोन्ही जोड्या बरोबरीत आहेत, असे प्रामाणिकपणे म्हणावे.

किरणांवर चालणारे घड्याळ याहून कितीतरी अचूक असते, पण किरण कशाने तुटला हे त्याला कळत नाही. बैलाचे नाक, शिंगाचे टोक, आडवा आलेला पोरगा, उडालेला ढेकूळ हे सगळे त्याच्या लेखी सारखेच. म्हणून किरणाची उंची किती, वेळ कशाला धरायची आणि शंका आल्यास काय करायचे हे आधी ठरलेले असावे. सुटणीच्या रेघेवर किरण चुकून आधी तुटल्याचे दिसले, तर ती वेळ रद्द करून जोडीला विश्रांतीनंतर पुन्हा संधी देणे एवढाच मार्ग उरतो. अंदाजाने दोन-चार शतांश वजा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मोबाइलवरील चित्रीकरण पुरावा म्हणून चालते का?

कशासाठी, यावर ते अवलंबून आहे. पट्टी ओलांडली का, धुरकऱ्याच्या हातात काय होते, जोडी झेंडीआधी सुटली का हे पाहण्यासाठी ते उत्तम आहे. वेळेतील बारीक फरक ठरवण्यासाठी ते निरुपयोगी आहे. समजा, एक जोडी १०० मीटर ८ सेकंदांत धावते. म्हणजे ती सेकंदाला साडेबारा मीटर पुढे जाते. साधा मोबाइल सेकंदाला ३० चित्रे टिपतो. दोन चित्रांच्या मधल्या काळात जोडी सुमारे ४० सेंटिमीटर पुढे सरकलेली असते आणि त्या ४० सेंटिमीटरमध्ये काय झाले ते त्या चित्रफितीत कोठेही नसते. शिवाय चित्रीकरण करणारा निकालाच्या रेघेच्या अगदी सरळ समोर उभा नसेल, तर प्रत्यक्षात मागे असलेली जोडीही पुढे असल्याचा भास होऊ शकतो. दोन्ही पक्षांकडे आपापल्या जोडीला जिंकवणारी चित्रफीत असते ती यामुळेच, आणि त्यात दोघांपैकी कोणी लबाडी केलेली असतेच असे नाही.

समितीचे स्वतःचे चित्रीकरण परवानगीच्या अटींसाठी करावे लागतेच. तोच कॅमेरा निकालाच्या रेघेत, तिवईवर, न हलवता ठेवला तर हरकतींचेही काम भागते. तो मंचावरील सत्काराकडे वळवू नये.

बैलाच्या दातांविषयी हरकत आल्यास तपासणी कशी करावी?

बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात पुढे आठ असतात आणि वय पाहायचे ते त्यांवर. ज्याचे सगळे दुधाचे दात शाबूत आहेत तो आदत. साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून तेथे कायमचे दोन दात येतात, मग दोहों बाजूंनी क्रमाने चार, सहा आणि शेवटी आठ होऊन बैल जुळतो. दुधाचा दात लहान, पांढरा आणि मुळाशी निमुळता असतो. कायमचा दात रुंद, किंचित पिवळसर आणि फावड्यासारखा दिसतो. एकदा दोन्ही शेजारी पाहिले की पुन्हा घोटाळा होत नाही.

तपासणी सावलीत करावी. मालकाने स्वतः वेसण धरावी, अनोळखी माणसाने बैलाच्या तोंडाला हात घालू नये. मालकानेच खालचा ओठ अंगठ्याने खाली दाबावा आणि पंचांनी व हरकत घेणाऱ्याने समोरून पाहावे. धावून आलेल्या बैलाला आधी दम घेऊ द्यावा, कारण तोंडात फेस असताना काही दिसत नाही आणि बैलही उभा राहत नाही. मैदानावर पशुवैद्यकीय अधिकारी उपस्थित असतील, तर त्यांचे मत शेवटचे मानावे.

खरा वाद होतो तो अर्धवट आलेल्या दातावर. दुधाचा दात पडला आहे आणि कायमचा हिरडीतून नुकताच डोकावतो आहे, असा बैल आदत की दोनदाती? दोन्ही बाजूंनी बोलता येते आणि दोन्ही बाजूंनी बोललेही जाते. यावर एकच उपाय म्हणजे व्याख्या आधी छापणे : ‘हिरडीबाहेर दिसणारा कायमचा दात मोजला जाईल’ असे एक वाक्य पत्रिकेवर असले की अशा हरकतीचा निकाल दोन मिनिटांत लागतो. दातांमुळे गट चुकला असे सिद्ध झाल्यास त्या गटातील वेळ रद्द होते. मालकाने जाणूनबुजून केले की दात यात्रेच्या आठवड्यातच आला, हा प्रश्न पुढील वर्षाच्या बंदीसाठी विचारात घ्यावा. आजच्या निकालासाठी नव्हे.

नोंदवलेला बैल एक आणि धावलेला दुसरा, अशी शंका असेल तर?

कानातील बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक पाहावा. नोंदणीच्या वेळी तो क्रमांक, बैलाचा रंग, शिंगांची ठेवण आणि अंगावरील खुणा लिहून ठेवल्या असतील, तर वाद उरत नाही. केवळ ‘लाल बैल’ असे लिहून उपयोग नाही. नांदेड भागात लाल कंधारी आणि लातूर-उदगीर पट्ट्यात देवणी बैल एकसारखे दिसणारे शेकड्याने मिळतील. बिल्ला तुटलेला किंवा नवा लावलेला दिसल्यास तेवढ्यावरून दोषी ठरवू नये, पण नोंदीतील इतर खुणा बारकाईने ताडून पाहाव्यात.

झेंडीआधी सुटणे, पट्टी ओलांडणे, धुरकरी पडणे यांचे काय?

झेंडीआधी सुटण्याचा निर्णय सुटणीचा पंच जागेवरच देतो आणि त्याने जोडी परत बोलावली नाही, तर नंतर केवळ चित्रीकरणात स्पष्ट दिसल्यासच तो बदलावा. पट्टी ओलांडली, पण शेजारच्या जोडीला अडथळा झाला नाही, तर ओलांडणाऱ्या जोडीची वेळ बाद होते. अडथळा झाला असेल, तर शेजारच्या जोडीला पुन्हा धावण्याचा हक्क मिळतो. धुरकरी रेघेच्या अलीकडे पडला आणि जोडी एकटीच रेघ ओलांडून गेली, तर बहुतेक ठिकाणी वेळ धरत नाहीत आणि तेच योग्य आहे.

दोष सिद्ध झाल्यावर फेरी पुन्हा घ्यावी की जोडी खाली ढकलावी?

फेरी पुन्हा घेण्याचा मोह आवरावा. ऐकायला ते न्याय्य वाटते; पण मार्चच्या दुपारी दमलेल्या बैलांना केवळ माणसांचे भांडण मिटवण्यासाठी पुन्हा पळवणे यात बैलाचा विचार होत नाही, आणि आधी विश्रांती मिळालेल्या जोडीला आयता फायदा मिळतो. ज्या जोडीला अडथळा झाला तिलाच, तिच्या मालकाची इच्छा असेल तर, पुरेशा विश्रांतीनंतर संधी द्यावी.

या बाबतीत परदेशातील दुडक्या चालीच्या घोडागाडी शर्यतींकडून घेण्यासारखे काही आहे. तेथे दोन चाकांच्या हलक्या गाडीला एकच घोडा जुंपतात आणि त्याने चौखूर उधळायचे नसते. उधळलाच तर हाकणाऱ्याने त्याला आवरून मागे घ्यावे लागते, उधळण्यातून फायदा उचलता येत नाही. एखाद्याने दुसऱ्याला अडथळा केला असे ठरल्यास पंच शर्यत पुन्हा घेत नाहीत, तर दोषी घोड्याचा क्रमांक खाली आणतात. अमेरिकेतील हॅम्बलटोनियन या नामांकित शर्यतीत २०१७ साली ‘व्हॉट द हिल’ हा घोडा रेघ पहिला ओलांडून गेला, पण शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या घोड्याला अडथळा केल्याबद्दल त्याला बाद करून ‘परफेक्ट स्पिरिट’ला विजेता ठरवले गेले. एवढ्या मोठ्या शर्यतीचाही निकाल फिरवता येतो, कारण चौकशी पुरी होईपर्यंत निकाल अधिकृत होत नाही हे तेथे सर्वांना ठाऊक असते.

वाद वाढू नये म्हणून बक्षीस दोघांत निम्मे-निम्मे वाटले तर काय बिघडते?

पुष्कळ बिघडते. ही तडजोड मराठवाड्यात फार लोकप्रिय आहे. चार जाणती माणसे मध्ये पडतात, दोघांच्या खांद्यावर हात ठेवतात, ‘जाऊ द्या, यात्रा आहे’ म्हणतात आणि रक्कम वाटली जाते. त्या संध्याकाळी शांतता होते हे खरे. पण नियम मोडणाऱ्याला निम्मे बक्षीस मिळाले, नियम पाळणाऱ्याचे निम्मे गेले, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या जोडीला, जिला कदाचित वर सरकायला हवे होते, कोणी विचारलेच नाही. पुढच्या पटाला तोच धुरकरी अधिक धीटपणे पट्टी ओलांडतो, कारण फार तर निम्मेच जाईल हे त्याला कळलेले असते.

वेळ खरोखर बरोबरीत असेल, तर बक्षीस वाटून देणे योग्यच आहे. तो निकाल आहे. हरकतीवर निर्णय देण्याचे टाळण्यासाठी वाटणी करणे हा निकाल नाही. पंचांना पुरावा अपुरा वाटत असेल, तर ‘पुरावा अपुरा असल्याने हरकत फेटाळली’ असे लिहून सही करावी. त्यात कमीपणा काही नाही.

पराणी किंवा विजेचा झटका वापरल्याची तक्रार आल्यास पंचांनी काय करावे?

प्रथम जोडी थांबवावी आणि ती वस्तू पंचनामा करून ताब्यात घ्यावी. बैलाच्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या मुळाशी आणि मांडीच्या आतल्या बाजूस ताजी जखम किंवा रक्त आहे का हे पशुवैद्यकांनी पाहावे. जोडी बाद करावी आणि उपस्थित पोलिसांना व प्रशासनाच्या प्रतिनिधीला लेखी कळवावे. मालकाने चूक कबूल केली, माफी मागितली किंवा देणगी दिली म्हणून कळवणे टाळता येणार नाही. ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ हे पत्रिकेवरील वाक्य बक्षिसापुरते आहे. त्यामुळे कोणाचा पोलिसांकडे जाण्याचा मार्ग बंद होत नाही.

निकालावर लावलेल्या पैजांचे काय?

पंचांनी त्याची दखल घेऊ नये. जुगार हा स्वतंत्र गुन्हा आहे. ‘माझे एवढे पैसे अडकलेत’ असे सांगत टेबलाशी येणाऱ्या माणसाला हरकतीचा अधिकार नाही.

बक्षीस वाटप झाल्यावर नवा पुरावा पुढे आला तर?

पत्रिकेत तशी मुदत छापलेली असेल, तर तेवढ्या दिवसांत समितीने तो पाहावा, दोन्ही बाजूंना बोलवावे आणि लेखी निर्णय द्यावा. मुदत छापलेली नसेल, तर मिळालेले बक्षीस परत मागणे कठीण असते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या कापलेल्या चित्रफितीवरून निर्णय देऊ नये, मूळ चित्रण मागवावे. बैल बदलल्याचे किंवा क्रूरतेचे प्रकरण असेल, तर बक्षीस परत मिळो वा न मिळो, पुढील प्रवेश नाकारण्याचा ठराव समिती करू शकते.

हरकत आल्यावर मालक तपासणी न करू देताच बैल गाडीत चढवून निघून गेला तर?

त्याला अडवण्यासाठी बळाचा वापर करू नये. तपासणी नाकारणे म्हणजे हरकत मान्य असल्याचे समजले जाईल, अशी अट प्रवेशपत्रिकेत असावी आणि नोंदणीच्या वेळी त्याखाली मालकाची सही घ्यावी. अशी सही असेल, तर पंचांनी निघून गेल्याची वेळ, गाडीचा क्रमांक आणि दोन साक्षीदारांची नावे निकालवहीत लिहावीत, त्या जोडीची वेळ बाद करावी आणि पुढचा क्रमांक वर घेऊन निकाल जाहीर करावा. सही घेतलेली नसेल, तर उपलब्ध पुराव्यावर निर्णय द्यावा आणि निर्णयाची प्रत मालकाला नोंदणीतील पत्त्यावर टपालाने पाठवावी.